केसांचं लॉकेट, शोकाची अंगठी : इंग्लंडमधले जुने 'आठवणीचे दागिने' घेताना काय पाहावं

भिंगातून (धागाकर्ता)

लिलावघरांच्या संकेतस्थळांवर आता घरबसल्या बोली लावता येते. इंग्लंडमधले जुने 'आठवणीचे दागिने' तिथे सतत दिसतात. केसांची बट ठेवलेली लॉकेटं असतात, मृताचं नाव कोरलेल्या अंगठ्या असतात, खड्यांच्या आद्याक्षरांतून शब्द सांगणाऱ्या अंगठ्याही असतात. फोटोत सगळं सारखंच देखणं दिसतं, किंमत मात्र फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींवर ठरते. त्या गोष्टी एका जागी याव्यात म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

या दागिन्यांची ओढ कशामुळे लागते, ते आधी नीट समजून घेतलं पाहिजे, कारण खरेदीचे सगळे निकष तिथूनच निघतात. हिऱ्याची अंगठी कुणाचीही असू शकते. शोकाची अंगठी एकाच माणसाची असते. आतल्या बाजूला नाव, निधनाची तारीख, वय. कोंदणात काचेखाली त्याचेच केस. अडीचशे वर्षांनंतरही तो माणूस हातात धरता येतो, आणि घेणारा पैसे मोजतो ते यासाठी. नाव, तारीख आणि केस जागेवर असतील तर दागिना पुरा आहे. त्यातलं काही गेलं असेल तर उरलेल्या सोन्याला आणि घडणावळीलाच भाव द्यायचा.

आपल्याकडे वैधव्य आलं की अंगावरचे दागिने उतरवले जात. तिकडे नेमके त्याच वेळी दागिने घडवले जात, आणि मृत्युपत्रात अंगठ्यांसाठी रक्कम लिहून ठेवलेली असे. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पेप्स १७०३ मध्ये गेला तेव्हा शंभराहून अधिक अंगठ्या वाटल्या गेल्या. काळा मणी आपल्याकडे सौभाग्याचा, तिकडे काळा मीना (धातूवर भाजून बसवलेला काचेचा रंग) शोकाचा. हा फरक डोक्यात ठेवला की त्या दागिन्यांची भाषा पटकन उमगते.

काळ ओळखायच्या ढोबळ खुणा अशा. १७०० च्या आसपास : कवटी, हाडं, आणि पैलू पाडलेल्या स्फटिकाखाली केसांवर बसवलेली सोन्याच्या तारेची आद्याक्षरं. १७४०-६० : नागमोडी पट्ट्यांची अंगठी, पट्ट्यावर मीन्यात नाव. १७८० च्या सुमारास : दोन्ही टोकांना निमुळतं, होडीसारखं लांबट कोंदण, त्यात अस्थिकलश आणि झुकलेलं विलोचं झाड. १८२० नंतर : जाड पट्टा, काळ्या मीन्यात 'इन मेमरी ऑफ' अशी ठळक गॉथिक अक्षरं. पांढरा मीना दिसला तर व्यक्ती बहुधा अविवाहित किंवा लहान मूल. मोती म्हणजे अश्रू. शेपूट तोंडात धरलेला साप म्हणजे अखंडता; व्हिक्टोरिया राणीची १८३९ ची साखरपुड्याची अंगठीसुद्धा सापाचीच होती, त्यामुळे साप दिसला की शोकच असं धरू नये.

तारखा वाचताना एक खाचखळगा आहे. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून फेब्रुवारी १७४० असं कोरलेलं असेल तर आजच्या हिशेबाने ते १७४१ असू शकतं. 'ओबी' म्हणजे लॅटिन 'ओबिइट', निधन झालं. 'एटी' म्हणजे 'एटाटिस', वयाच्या अमुक वर्षी. ते चालू वर्ष असू शकतं, पूर्ण झालेलं असेलच असं नाही. चर्चच्या नोंदीत वय एकाने कमी सापडलं म्हणून अंगठी खोटी ठरवू नका.

कसवटी

उत्तम धागा. हॉलमार्कबद्दल, म्हणजे सोन्याच्या कसाच्या छापांबद्दल, भर घालतो, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

१७३८ च्या कायद्याने रत्नजडित आणि बारीक कामाच्या बऱ्याच दागिन्यांना छापेतून सूट दिली, पण शोकाच्या अंगठ्यांना ती सूट नव्हती. म्हणून या अंगठ्यांवर छाप सापडण्याची शक्यता इतर जुन्या दागिन्यांपेक्षा जास्त असते. तरीही कित्येकींवर फक्त कारागिराची छाप असते, किंवा तीही नसते. ब्रोच आणि लॉकेटं बहुतेक बिनछापाचीच. छाप नाही म्हणजे सोनं नाही, असं समजू नये.

छापेवरून काळ कसा बांधायचा? मुकुट आणि शेजारी १८ असेल तर वस्तू १७९८ किंवा त्यानंतरची, कारण त्याआधी दोनशेहून अधिक वर्षं तिथे २२ हा एकच कायदेशीर कस होता. राजा किंवा राणीचं मुखचित्र असेल तर १७८४ ते १८९०, ती कर भरल्याची खूण. लंडनची खूण असलेल्या बिबट्याच्या डोक्यावर मुकुट असेल तर १८२१ पर्यंतची, मुकुट नसेल तर त्यानंतरची. १५, १२ आणि ९ कॅरेट १८५४ पासून कायदेशीर झाले. त्यातले १५ आणि १२ हे १९३२ मध्ये बंद होऊन त्यांच्या जागी १४ आलं. म्हणजे १५ चा आकडा दिसला की ऐंशी वर्षांच्या आतला काळ हाती लागलाच. बर्मिंगहॅमची खूण जहाजाचा नांगर, चेस्टरची तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या. वर्षाचं अक्षर (छाप मारल्याचं वर्ष सांगणारं) सगळ्यात शेवटी पाहायचं, कारण तेच अक्षर वेगवेगळ्या चक्रांत परत येतं. फरक फक्त लिपीत आणि भोवतालच्या ढालीच्या आकारात असतो.

सोन्याचा हिशेबही इथेच मांडतो. १५ कॅरेट म्हणजे ६२.५ टक्के, ९ कॅरेट म्हणजे ३७.५ टक्के. विक्रेता ब्रोचचं एकूण वजन देतो, त्यात काच, केस, मेणाचं किंवा लाखेचं भरण आणि बहुतेक वेळा लोखंडी पिन येते. ६ ग्रॅमच्या ९ कॅरेट ब्रोचमधून १.५ ग्रॅम वजा केलं तर सोन्याचा भाग ४.५ ग्रॅम आणि शुद्ध सोनं जेमतेम १.७ ग्रॅम. कसोटीवर घासून किंवा एक्स-रे यंत्राने कस पाहिला तर फक्त वरचा थर कळतो. आत तांबं-जस्ताचं मिश्रण आणि वर मुलामा असा पिंचबेक प्रकार १८व्या शतकात भरपूर होता. बिजागरीजवळ किंवा कडीच्या आतल्या बाजूला, जिथे घासून मुलामा उडतो, तिथे भिंगाने रंग पाहा.

रेशीमगाठ

केसांवर लिहिते. अनेकांना किळस वाटते ती इथेच, आणि याच किळसेपायी विक्रेत्यांनी असंख्य लॉकेटं रिकामी केली. आता ज्यांत केस तसेच आहेत त्यांना मागणी आहे, म्हणून रिकाम्या लॉकेटांत नवे केस भरण्याचे प्रकार सुरू झाले. ओळखायला कारागिरी माहीत हवी.

कामाचे प्रकार दोन. पहिला, सपाट पाटीवरचा. केस सोड्याच्या पाण्यात उकळून तेलकटपणा काढायचा, वाळवायचे, डिंकाचा हात देऊन एकमेकांना चिकटलेली पातळ चादर करायची, मग कात्रीने आकार कापून पांढऱ्या तळावर मांडायचे. पिसांचा तुरा, गव्हाची लोंबी, थडग्यावरचं झाड असे आकार यात येतात. पिसाचं टोक वळवायला गरम सळई वापरत. तुऱ्याच्या देठाशी सोन्याची बारीक तार गुंडाळलेली आणि दोन-तीन इवले मोती असले तर काम चांगल्या हाताचं.

दुसरा, गोल मेजावरचा. मधोमध भोक असलेलं मेज, मोजून घेतलेले केस प्रत्येक पदरात, पदराच्या टोकाला शिशाचं वजन, आणि मधल्या भोकातून खाली ओढणारं एक प्रतिवजन. कारागीर पदर ठरलेल्या क्रमाने आलटून पालटून टाकतो आणि मधल्या तारेभोवती किंवा नळीभोवती पोकळ वीण तयार होते. मग ती वीण तशीच उकळतात, मंद आचेवर वाळवतात, आतली तार काढून घेतात. आकार टिकतो तो त्या उकळण्यामुळे. टोकांना सोन्याच्या टोप्या लाखेने चिकटवतात. घड्याळाच्या साखळ्या, कानातले, बांगड्या या प्रकारच्या. यात नेहमी बिघडतं ते टोपीजवळ, कारण लाख सुकून केस निसटतात. वीण मधेच तुटलेली असेल तर घेऊ नका, ती पूर्ववत होत नाही.

दहापट भिंगाखाली खरे केस एका जाडीचे नसतात, रंगातही थोडा चढउतार असतो. सगळे धागे एकसारखे आणि काचेसारखे चमकणारे असले तर कृत्रिम. घोड्याचा केस ठळकपणे जाड आणि ताठ असतो. नवे केस भरलेले ओळखायची सोपी खूण काचेच्या कडेला सापडते. जुन्या काचेभोवतीची सोन्याची पट्टी एकदा उचकटली की तिच्यावर हत्याराचे चकाकणारे ओरखडे राहतात. केस जुने आणि ओरखडे ताजे, किंवा काच नवी सपाट आणि पट्टी जुनी, असं दिसलं की विक्रेत्याला थेट विचारा.

समुद्रकाठ

मी जेट या काळ्या, दगडासारख्या द्रव्यापुरतं लिहितो. १४ डिसेंबर १८६१ ला व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट गेला आणि तिने उरलेलं आयुष्य शोकवस्त्रांत काढलं. काळ्या दागिन्यांना त्या काळात प्रचंड मागणी आली आणि यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावात जेटचा धंदा फोफावला. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षं दबलेलं लाकूड. हातात घेतलं की हलकं आणि कोमट लागतं. मागच्या न दिसणाऱ्या जागी, बिनचकाकीच्या चिनीमातीवर हळूच घासलं तर तपकिरी रेघ उमटते.

'फ्रेंच जेट' या नावाने विकली जाते ती काळी काच. ती गार लागते, जड असते, कडेला शंखासारखे टवके उडतात. व्हल्कनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ते साच्यात दाबून घडवतात, म्हणून नक्षीच्या कडा बोथट असतात, आणि उन्हाने ते काळ्याचं तपकिरी पडतं. अंगठ्याने जोरात घासलं तर गंधकाचा वास येतो. आयर्लंडचं बॉग ओक म्हणजे दलदलीत काळवंडलेलं लाकूड. त्याला चकाकी नसते आणि रेषा दिसतात. तापलेली सुई टोचायची 'चाचणी' काही ठिकाणी सुचवतात, ती करूच नका. व्हल्कनाइटसारख्या नकलेलाही तशीच भोकं पडतात, आणि खरा दागिना कायमचा खराब होतो.

निळी पेटी

आद्याक्षरांच्या अंगठ्या राहिल्या. इंग्रजी नावांची पहिली अक्षरं जोडायची. रूबी, एमरल्ड, गार्नेट, ॲमेथिस्ट, रूबी, डायमंड मिळून 'रिगार्ड', म्हणजे आदर, जिव्हाळा. डायमंड, एमरल्ड, ॲमेथिस्ट, रूबी, एमरल्ड, सफायर, टोपाझ मिळून 'डिअरेस्ट'. लॅपिस, ओपल, व्हर्मेल, एमरल्ड मिळून 'लव्ह'; व्हर्मेल हे गोमेदाच्या जातीचं जुनं नाव. आज वापरात नसलेली अशी जुनी नावं माहीत नसली की शब्द लागत नाही.

इथला नेहमीचा दोष म्हणजे बदललेला खडा. पाचू ठिसूळ, तो पहिला फुटतो. दुरुस्त करणाऱ्याला शब्द कळला नाही की तो हाताशी असलेला हिरवा किंवा लाल खडा बसवतो आणि शब्द मोडतो. रांगेत एकच खडा जास्त झळकतो का, त्याची कोंदणाची कड जास्त दाबलेली आहे का, हे पाहा. उलटही घडतं. साधी रंगीत अंगठी 'रिगार्ड' म्हणून खपवतात. तामडी (गार्नेट) आणि माणिक (रूबी) दोन्ही लालच, त्यामुळे फोटोवर भरवसा ठेवू नका, प्रत्येक खड्याचं नाव लेखी मागा.

कसवटी

निळी पेटी, एक जोडतो. १८०० च्या आसपासचे हे खडे बहुतेक मागून बंद कोंदणात असतात आणि खड्याखाली रंगीत किंवा रुपेरी पातळ पत्रा असतो. आपल्या जुन्या जडावातही हीच युक्ती आहे. म्हणून नियमही एकच : पाणी लावायचं नाही. पाणी आत शिरलं की पत्रा काळवंडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. फोटोत एखादा खडा मातकट वाटला तर खड्याला दोष देण्याआधी पत्र्याचा संशय घ्या.

नवी खरेदी

सगळ्यांचे आभार. एक अंगठी बघतेय. काळ्या मीन्याचा पट्टा, मधे काचेखाली विणलेले केस, आत नाव आणि 'ओबी २ जून १७९६, एटी ४१'. छाप : कारागिराची दोन अक्षरं, मुकुट, १८, मुकुटवाला बिबट्या, मुखचित्र, एक अक्षर. विक्रेता '१७९६ ची अस्सल' म्हणतो. अंगठी बोटात ढिली होईल, ती लहान करून घेता येईल का?

भिंगातून

नवी खरेदी ताई, मुकुट आणि १८ असेल तर ती १७९६ ला बनलेली नाही. कसवटींनी वर लिहिल्याप्रमाणे १८ कॅरेट १७९८ पासून आलं. बिबट्याला मुकुट आहे म्हणजे १८२१ च्या आतली. म्हणजे मृत्यूनंतर किमान दोन आणि जास्तीत जास्त पंचवीस वर्षांनी घडवलेली. यात खोटेपणा असेलच असं नाही. मुलं मोठी झाल्यावर किंवा जोडीदार गेल्यावर जुने केस नव्या अंगठीत बसवत. वर्षाच्या अक्षराचा स्पष्ट फोटो मागा, त्यावरून वर्ष ठरेल. मग आतल्या बाजूला दुसऱ्या मृत्यूची तारीख आहे का ते शोधा. असली तर तोच खुलासा. नसली तरी घ्यायला हरकत नाही, फक्त '१७९६' चा भाव देऊ नका.

कोरीवकामही तपासा. हाताने कोरलेल्या रेघेच्या तळाला धार असते आणि वळणावर रेघ जाड-बारीक होते. दोन शतकं बोटात असलेल्या अंगठीत अक्षरांच्या कडा झिजून मऊ होतात. बाकी अंगठी झिजलेली आणि अक्षरं मात्र तीक्ष्ण असतील तर नाव नंतर घातलेलं आहे.

लहान करायचं म्हणाल तर नाही. पूर्ण पट्ट्याला मीना असेल तर कापून जोडताना ज्योतीच्या उष्णतेने तो तडकतो, आणि आतली अक्षरंही कापली जातात. ढिली असेल तर आतून सोन्याचे दोन छोटे मणी लावायला सांगणारे असतात. तेही मीन्याच्या अंगठीवर नको, तिथेही उष्णता लागतेच. साखळीत ओवून गळ्यात घाला.

रेशीमगाठ

दुरुस्तीचं निघालंच आहे तर सोनाराकडे देताना चिठ्ठीवर लिहून द्या : ज्योत नाही, तेजाब नाही, अल्ट्रासाउंडच्या भांड्यात बुडवणं नाही, उजाळा नाही. तोंडी सांगितलेलं मागच्या खोलीतल्या कारागिरापर्यंत पोचत नाही. 'जरा चमकवून देतो' हे सगळ्यात घातक वाक्य आहे. उजाळा दिला की कोरलेली अक्षरं आणि छाप उथळ होतात, आणि किंमत होती ती त्यांचीच.

घेताना मागे करडी, मऊ झाळ दिसली तर ती शिशाची. सोनं तापवलं की शिसं आत शिरून ते ठिसूळ करतं, म्हणून पुढे कोणताही सोनार तिथे नीट काम करू शकत नाही. अशा वस्तूचा भाव कमी करून मागा.

आपल्या दमट हवेत केसांना कसर आणि बुरशी लागते. हवाबंद डबी, आत सिलिका जेलची छोटी पुडी, महिन्यातून एकदा उघडून बघायचं. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ लाखेला आणि राळेला मऊ करते. अर्धे मोती चिकटवलेले असतात, त्यामुळे अत्तर आणि पाणी दोन्ही दूर. ते मोती नैसर्गिकच, कारण संवर्धित मोती बाजारात आले ते १९२० च्या दशकात.

समुद्रकाठ

भारतात आणणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. होडीच्या आकाराच्या कोंदणातली कलश-विलोची चित्रं आणि 'प्रियेचा डोळा' (प्रिय व्यक्तीच्या फक्त एका डोळ्याचं चित्र) रंगवलेले ब्रोच बहुतेक हस्तिदंताच्या पातळ पत्र्यावर असतात. या डोळ्यांची लाट आली ती १७८५ च्या सुमारास, युवराज जॉर्ज (पुढचा राजा चौथा जॉर्ज) आणि मारिया फिट्झहर्बर्ट यांच्या गुप्त लग्नाच्या वेळी. ब्रिटनमध्ये जून २०२२ पासून हस्तिदंताची विक्री बंद आहे. १९१८ पूर्वीच्या छोट्या व्यक्तिचित्रांना नोंदणी करून सूट मिळते. भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आयात हस्तिदंताच्याही व्यापाराला बंदी आहे. वाघनखं सोन्यात मढवलेले ब्रोचही त्याच कायद्यात अडकतात. तिकडची नोंदणी इकडे कामाची नाही. भारतात राहत असाल तर हस्तिदंत असलेली वस्तू घेऊच नका. केस, मीना, जेट यांत पुरेसं सौंदर्य आहे.

नकली डोळेही पुष्कळ आहेत. भिंगाखाली छपाईचे एकसारखे ठिपके दिसले तर तो कागदावरचा छाप. खऱ्या चित्रात कुंचल्याचे आडवेतिडवे बारीक फटकारे दिसतात.

नवी खरेदी

वर्षाचं अक्षर मागवलं आहे. अंगठीतल्या नावाखाली 'बॉम्बे' असंही कोरलंय, आधी माझ्या लक्षात आलं नाही. माणूस शोधायचा कसा?

भिंगातून

मग तुमचं काम सोपं आहे. इंग्लंडमध्ये वारलेल्यांसाठी जुलै १८३७ नंतर सरकारी मृत्युनोंद, त्याआधी चर्चची दफनवही, आणि सधन कुटुंबांसाठी जानेवारी १८५८ पर्यंतची कँटरबरीच्या चर्च-न्यायालयाची मृत्युपत्रं, जी लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. मृत्युपत्रात 'माझ्या मित्रांना अंगठ्यांसाठी इतके गिनी' (गिनी म्हणजे जुनं सोन्याचं नाणं) असं वाक्य सापडलं तर तुमच्या हातातली वस्तू कागदावरही सापडली.

मुंबईत वारलेल्यांसाठी मात्र ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याच्या) चर्च नोंदी पाहायच्या. एन/१ बंगाल, एन/२ मद्रास, एन/३ मुंबई. तुम्हाला एन/३ मधली १७९६ ची दफनं हवीत. तारीख दोन जून ही मृत्यूची, नोंद दफनाची. उन्हाळ्यात दफन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी होई, तेव्हा तीन तारखेपर्यंत पाहा. आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं धरून चला, कारण लंडनच्या कारागिराने नाव कुटुंबाच्या चिठ्ठीवरून कोरलं आणि मुंबईच्या पाद्र्याने ते कानाने ऐकून लिहिलं. नोंद सापडली तर तिची प्रत अंगठीच्या डबीतच ठेवा, पुढे ज्याच्या हाती जाईल त्यालाही तो माणूस मिळेल.